सोडायला आधी आपलं असावं लागतं

ईस्टरच्या, म्हणजे येशूच्या पुनरुत्थानाच्या सणाच्या, आधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ जवळ आला की माझ्या टपालात एकाच विषयाची गर्दी होते : आत्मत्याग. कुणाला तो कसा करावा हे विचारायचं असतं, तर कुणाला तो का करू नये हे मला सुनवायचं असतं. त्यातली काही पत्रं इथे घेतली आहेत. दुसऱ्या पत्राचं उत्तर मी सगळ्यांत आधी लिहिलं आणि अंकाची वाट न बघता त्या वाचक भगिनीला पाठवूनही दिलं. पण छापताना क्रम लावायचा हक्क संपादकांचा.

प्रश्न : मी ख्रिस्ती घरात वाढलो, आता उपासनेला जात नाही. ‘ज्याला माझ्यामागे यायचं आहे त्याने स्वतःला नाकारावं’ असं येशू म्हणतो, आणि ‘पुत्राने तुम्हाला मुक्त केलं तर तुम्ही खरोखर मुक्त व्हाल’ असंही म्हणतो. दोन्ही एकदम कसं खरं असेल? मनाला येईल ते करता येणं म्हणजे स्वातंत्र्य. मनच मारायचं, तर मुक्त व्हायला उरतं कोण? (वय २४)

उत्तर : शेवटचं वाक्य झकास. बहुतेक प्रवचनं त्या प्रश्नापर्यंत पोचायच्या आतच आमेन म्हणून मोकळी होतात.

आधी तुमची व्याख्या घेऊ. मनाला येईल ते करायचं, ठीक. पण मनाला ते येतं कुठून? चौथ्या शतकात ऑगस्टीन नावाचा एक माणूस मिलानमध्ये वक्तृत्वशास्त्र शिकवायचा. बुद्धी अफाट, नाव झालेलं, वाटेल तसं जगायला कुणाची आडकाठी नाही. त्याला आपलं जगणं बदलायचं होतं आणि काही केल्या बदलता येत नव्हतं. पुढे त्याने स्वतःची हकीकत लिहिली, त्यात या अडकण्याचा हिशेब मांडलाय. आधी वाकडी इच्छा झाली, तिचं ऐकत गेलो. ऐकता ऐकता सवय जडली. सवयीला कधी अडवलं नाही, तेव्हा तिची गरज होऊन बसली. मला दुसऱ्या कुणी बांधलं नव्हतं, माझ्याच इच्छेने मी बांधलेला होतो, असं तो म्हणतो. तरुणपणीची त्याची प्रार्थनाही त्याने लपवलेली नाही : मला संयम दे, पण इतक्यात नको. ३८६ साली त्याच मिलानमधल्या एका बागेत त्याची ती कोंडी फुटली. तोवरची सगळी वर्षं तो तुमच्या व्याख्येप्रमाणे पुरता स्वतंत्र होता.

तुम्ही योहानाच्या शुभवर्तमानातल्या आठव्या अध्यायातलं वचन दिलंय, त्याच्या दोन-तीन ओळी आधीपासून वाचा. येशूने मुक्तीचं नाव काढताच समोरचे लोक दुखावतात. ‘आम्ही अब्राहामाचे वंशज, आम्ही कधी कुणाचे दास नव्हतो,’ म्हणतात. हे बोलताना त्यांच्या डोक्यावर रोमी राज्य होतं, आणि मिसरातल्या (इजिप्तमधल्या) गुलामीची आठवण तर दर वल्हांडणाला, म्हणजे त्या सुटकेच्या सणाला, काढली जायची. येशू त्यांना रोमची किंवा मिसरच्या राजाची, फारोची, आठवण करून देत नाही. जो पाप करतो तो पापाचा दास, एवढंच म्हणतो.

आता ‘स्वतःला नाकारा’ हे तो कधी बोलला ते पाहा, कारण तिथे तुमच्या प्रश्नाची किल्ली आहे. फिलिप्पाच्या कैसरिया या नगराकडे जाताना त्याचा शिष्य पेत्र याने नुकतंच कबूल केलंय की तूच ख्रिस्त. शाबासकी मिळण्यासारखं उत्तर. लगेच येशू सांगतो की मला दुःख सोसावं लागेल, मरावं लागेल. त्यावर पेत्र त्याला बाजूला घेतो आणि चक्क दटावतो. देवाचं काम कसं व्हायला हवं याचा पेत्राच्या डोक्यात आराखडा तयार होता, त्यात वधस्तंभाला जागा नव्हती. या प्रसंगानंतर आत्मत्यागाचं वाक्य येतं. म्हणजे नाकारायला सांगितलं ते पेत्राचं हसणं, त्याचा उतावळा स्वभाव, त्याचं मासेमारीतलं कसब नव्हे. हे सगळं त्याच्याजवळ शेवटपर्यंत राहिलं. त्याला सोडायला सांगितलं ते प्रत्येक गोष्टीच्या मधोमध स्वतःची खुर्ची मांडून बसणं.

माझ्या परिचयाचे एक ऑर्गनवादक होते. उभं आयुष्य त्यांनी एकाच मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, ऑर्गन वाजवला. मग एका तरुण मुलीला ते काम द्यायचं ठरलं, आणि ठरवलं त्यांनीच, कुणी त्यांना हटवलं नाही. पहिल्या रविवारी ते तिसऱ्या बाकावर, माझ्या शेजारी येऊन बसले. ती गीत फार संथ घ्यायची. यांची बोटं पुढच्या बाकाच्या पाठीवर बरोबर लयीत वाजत होती, जरा जोरातच, तिला ऐकू जाईल इतकी. मी काही बोलले नाही. पुढे कितीतरी रविवार हाच प्रकार. मग एकदा माझ्या लक्षात आलं की बोटं मांडीवर गप्प आहेत आणि हे गृहस्थ गातायत. खालचा सूर, बराच बेसूर. उपासना संपल्यावर म्हणाले, ‘अहो, या गीताला चौथं कडवं आहे आणि त्याचा अर्थ फार भारी आहे, हे मला माहीतच नव्हतं. मी तोवर पुढच्या गीताचं पान शोधत असायचो.’ लय अजून संथच आहे असं मात्र ते मला नेहमी सांगायचे. मुक्त व्हायला उरतं कोण, असं तुम्ही विचारलंत. मला हे गृहस्थ आठवले.

१५२० साली जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथरने ख्रिस्ती माणसाच्या स्वातंत्र्यावर एक छोटं पुस्तक लिहिलं. त्याच्या तोंडाशीच दोन विधानं आहेत : ख्रिस्ती माणूस सर्वांचा मुक्त धनी आहे, कुणाच्या अधीन नाही, आणि ख्रिस्ती माणूस सर्वांचा सेवक आहे, सगळ्यांच्या अधीन आहे. तुम्हाला खटकलेली विसंगती त्याने मुद्दाम समोरासमोर ठेवली आणि बाकीचं सगळं पुस्तक ती सोडवण्यात घालवलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं. देवाने मला स्वीकारलंय की नाही ही धास्ती संपली की मला माझ्या चांगुलपणाची भिंत रचत बसावं लागत नाही. मग हात रिकामे होतात, आणि रिकाम्या हातांना शेजारी दिसतो. येशूचा प्रेषित पौल गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात हेच म्हणतो : तुम्हाला स्वातंत्र्यासाठी बोलावलंय, पण त्याचा स्वतःच्या लालसेसाठी उपयोग करू नका, प्रीतीने एकमेकांची सेवा करा.

एक नाव सांगून थांबते. हिटलरच्या राजवटीला विरोध करणारा जर्मन धर्मज्ञ डीट्रिख बॉनहॉफर १९३९च्या जूनमध्ये न्यूयॉर्कला पोचला. तिथे काम, मित्र, सुरक्षितता, सगळं तयार होतं. महिनाभराच्या आत तो स्वतःहून जर्मनीला परतला. युद्धात माझ्या लोकांबरोबर राहिलो नाही तर युद्धानंतर त्यांच्यात उभं राहायचा मला हक्क नाही, असं त्याचं म्हणणं. १९४४मध्ये तुरुंगात त्याने स्वातंत्र्याच्या वाटेवर एक कविता लिहिली, तिचा पहिला टप्पा आहे शिस्त. ९ एप्रिल १९४५ला त्याला फाशी दिलं. परत जाणं त्याच्या मनासारखं होतं की मनाविरुद्ध? मला विचाराल तर तुमच्या व्याख्येत या प्रश्नाला उत्तर नाही, आणि तिथेच ती अपुरी पडते.

प्रश्न : लग्नाला बरीच वर्षं झाली. माझी नोकरी सोडायला लावली, दागिने-पैसे घरच्यांनी ताब्यात घेतले. बोलले तर अबोला, जास्त बोलले तर हात उगारला जातो. मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना सांगितलं. त्यांनी वचन दाखवलं, ‘आपला वधस्तंभ उचल, स्वतःला नाकार.’ मी खूप प्रयत्न केला. आता माझ्यात नाकारायला काही शिल्लक आहे असं वाटत नाही. माझा विश्वास कमी पडतोय का? (नाव प्रसिद्ध करू नये)

उत्तर : ताई, नाही. तुमचा विश्वास कमी पडत नाहीये. तुम्हाला सांगितलं गेलं त्याला मी आत्मत्याग म्हणणार नाही.

येशू स्वतःच्या मरणाबद्दल योहानाच्या दहाव्या अध्यायात म्हणतो, ‘माझा प्राण कोणी माझ्यापासून घेत नाही, मी होऊन तो देतो.’ ख्रिस्ती त्याग या वाक्यावर उभा आहे. जो होऊन देता येतो तोच त्याग. नोकरी तुमच्याकडून काढून घेतली, पैसे काढून घेतले. हिसकावलेल्या वस्तूवर नंतर कुणी ‘अर्पण’ असं लिहिलं म्हणून ती अर्पण होत नाही.

पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रातला नववा अध्याय वाचा. मंडळीकडून मोबदला घ्यायचा हक्क तो सोडतो. पण सोडण्याआधी काय करतो? आपला हक्क आहे हे तो शिपाई, द्राक्षमळ्याचा मालक, मेंढपाळ, मोशेचं नियमशास्त्र, मंदिरातले सेवक असे दाखले देत देत सिद्ध करतो. वकिलासारखा भांडतो. हक्क पक्का झाल्यावर मग म्हणतो, मी तो वापरला नाही. तुमच्या वडीलधाऱ्यांनी ही पहिली पायरीच गाळली.

हाच पौल आपल्या सोबत्याबरोबर फिलिप्पै शहरात फटके खाऊन तुरुंगात पडला. सकाळी अधिकाऱ्यांनी निरोप पाठवला की यांना गुपचूप सोडा. हा जागचा हलला नाही. आम्ही रोमी नागरिक, चौकशीवाचून आम्हाला चारचौघांत मारलंत आणि आता चोरून घालवता? स्वतः या आणि आम्हाला बाहेर न्या, असं त्याने कळवलं, आणि ते आले. येशूला प्रमुख याजकापुढे एका कामदाराने चपराक मारली, तेव्हा त्याने विचारलं : मी वाईट बोललो असेन तर ते दाखवून दे, योग्य बोललो असेन तर मला का मारतोस? आणि मंदिरात लोकांनी त्याच्यावर दगड उचलले तेव्हा तो लपला आणि तिथून निघून गेला. निघून गेला, ताई. वधस्तंभ त्याने वेळ आल्यावर स्वतः उचलला, म्हणून आधीचा प्रत्येक दगड अंगावर घेतला नाही.

हे वचन असं वापरणारे तुमचे वडीलधारे काही पहिलेच नाहीत. १८०७ साली लंडनमध्ये ब्रिटिशांच्या वेस्ट इंडीजमधल्या गुलामांसाठी एक खास बायबल छापलं होतं. मोशे लोकांना मिसरातून सोडवून नेतो ती हकीकत त्यातून वगळलेली. आज्ञापालनाचे उतारे मात्र शाबूत. दुसऱ्याच्या हातात फक्त त्यागाचं पान द्यायचं आणि मुक्तीची पानं आपल्याकडे ठेवायची, ही युक्ती जुनीच आहे. आणि १९६० साली व्हॅलेरी सेव्हिंग या अमेरिकन अभ्यासक स्त्रीने एका लेखात धर्मशास्त्राला विचारलेला प्रश्न अजून ताजा आहे. गर्व हे मूळ पाप आणि स्वतःला विसरणं हा त्यावर उतारा, हे पुरुषांनी स्वतःच्या अनुभवावरून ठरवलं. ज्या बाईला स्वतःचं असं काही उभंच करू दिलेलं नाही, तिचा धोका उलट बाजूला असतो : सगळ्यांना वाटून देता देता स्वतः उरायचंच नाही. तिला तोच उतारा दिला तर दुखणं वाढतं.

आता व्यवहाराचं. हात उगारला जाईल त्या दिवशी वचन नंतर, आधी दार. कुठल्या घरी जायचं ते आजच ठरवून ठेवा आणि त्या घरच्यांना तसं सांगून ठेवा. तुमची कागदपत्रं, निदान त्यांच्या प्रती, घराबाहेर कुणा विश्वासूकडे असू द्या. डॉक्टर, वकील, पोलीस यांच्याकडे जाण्याने देवाचा अपमान होत नाही. पौल तर कैसरापर्यंत, म्हणजे रोमच्या सम्राटापर्यंत, गेला. मंडळीत या वडीलधाऱ्यांपेक्षा वेगळं बोलणारं कुणी असेल तर त्यांना गाठा, नसेल तर बाहेर शोधा.

तुमच्या वाट्याला आत्मत्याग मुळीच नाही असंही मी म्हणणार नाही, कारण मग तुम्हाला मी लहान समजले असं होईल. तुमच्या पत्रात एक ओळ होती, ती छापलेली नाही : ‘बाहेर पडले तर लोक मला काय म्हणतील.’ सोसणारी, शहाणी, कुटुंब सांभाळणारी बाई, हे नाव तुम्ही फार महाग किंमत देऊन कमावलंय. कदाचित तेच सोडावं लागेल. ते मात्र खरोखर तुमचं आहे. सोडायचं की नाही, आणि कधी, हे तुम्हीच ठरवा.

प्रश्न : गेल्या उपवासकाळात मी मोबाइलवरचे सगळे व्हिडिओ बंद केले. चाळीस दिवस पाळलं. पुनरुत्थानाच्या सणाला रात्रभर बघत बसलो. मोकळं-बिकळं काही वाटलं नाही. कुठे चुकलं?

उत्तर : चाळीस दिवस तुम्ही व्हिडिओ बघितले नाहीत, पण वाट त्यांचीच बघत होतात. मन पूर्ण वेळ तिथेच राहायला होतं, भाडं फक्त वाचलं.

सहाव्या शतकात बेनेडिक्टने मठवासीयांसाठी नियम लिहिले. त्यात उपवासकाळावर एक छोटा अध्याय आहे. प्रत्येकाने नेहमीपेक्षा काहीतरी जास्त द्यावं : खाणं, झोप, बडबड, थट्टामस्करी यांतलं काही कमी करावं. पण दोन अटी. एक, हे पवित्र आत्म्याच्या आनंदाने करायचं आणि पुनरुत्थानाकडे आतुरतेने डोळे लावून करायचं. दुसरी मला जास्त आवडते : काय सोडणार ते मठाधिपतीला आधी सांगायचं. परवानगीवाचून केलेला उपास खात्यात जमा होत नाही, तो दिमाख धरला जातो. सोडण्यातसुद्धा स्वतःचं कौतुक शिरतं हे म्हाताऱ्याला पक्कं ठाऊक होतं.

त्याच्या शंभरेक वर्षं आधी जॉन कासियन या मठवासी लेखकाने इजिप्तच्या वाळवंटातल्या संन्याशांबद्दल लिहून ठेवलंय. काहींनी सोनं-चांदी, जमीनजुमला सगळं सोडलं, आणि मग चाकू, सुई, बोरू यांवरून त्यांचं डोकं फिरायचं. एखादा आपली पोथी अशी जपायचा की दुसऱ्याला हात लावू देत नसे. मोठं सुटलं होतं, पकड तशीच होती. सोळाव्या शतकात ‘क्रुसाचा योहान’ या नावाच्या स्पॅनिश संन्याशाने त्यावर एक दाखला दिला : पक्षी जाड दोराने बांधलेला असो की बारीक धाग्याने, धागा तुटेपर्यंत तो उडणार नाहीच. (हे बोलणाऱ्या माणसाला त्याच्याच संघातल्या बंधूंनी काही महिने कोंडून ठेवलं होतं. तरी कडवट झाला नाही, हे विशेष.)

म्हणून या वर्षी नुसतं बंद करू नका. तो वेळ कुणाला द्यायचा ते नाव आधी ठरवा. यशया संदेष्ट्याच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायात देव उपासाबद्दल बोलतो तेव्हा जोखड तोडण्याबद्दल, उपाशी माणसाला आपल्यातलं वाढण्याबद्दल बोलतो. एखाद्या आजाऱ्याजवळ रोज जाऊन बसा. पहिल्या आठवड्यात हात सारखा खिशाकडे जाईल, जाऊ द्या. त्या आजाऱ्याने तीच गोष्ट पुन्हा सांगायला घेतली की जास्तच जाईल. सणानंतर व्हिडिओ पुन्हा लावलेत तरी हरकत नाही. ‘सर्व गोष्टींची मला मोकळीक आहे, तरी मी कोणत्याही गोष्टीच्या अधीन होणार नाही,’ असं पौल म्हणतो. बघायला बसाल तेव्हा मधेच उठता येतं का, एवढं तपासा.

प्रश्न : तुमचा धर्म शरीराचा द्वेष करायला शिकवतो. उपास, ब्रह्मचर्य, खांबावर जाऊन बसणारे साधू! याला स्वातंत्र्य म्हणणं ही शुद्ध फसवणूक आहे.

उत्तर : द्वेष करणारे होऊन गेले, नाकारत नाही. पण त्यांना पहिली चपराक आमच्याच घरातून मिळाली. चौथ्या शतकात आशिया मायनरमध्ये (आजच्या तुर्कस्तानात) गंग्रा इथे बिशपांची सभा भरली. लग्नाला हीन लेखणाऱ्यांना आणि वैराग्याच्या नावाखाली मुलाबाळांना वाऱ्यावर सोडणाऱ्यांना त्या सभेने दोषी ठरवलं. त्याच्याही आधी पौलाने कलस्सैकरांना लिहिलं होतं की ‘शिवू नको, चाखू नको, हात लावू नको’ असले नियम ज्ञानी दिसतात खरे, पण देहाची हाव आवरायला त्यांचा काही उपयोग नाही.

खांबावरचा साधू म्हणजे सिमियोन. पाचव्या शतकात सीरियात तीस वर्षांहून जास्त काळ तो खांबावर राहिला, ४५९ साली वारला. मलाही तो प्रकार रुचत नाही, आणि तेव्हाच्या साधूंनाही रुचला नव्हता. एका जुन्या इतिहासकाराने सांगितलेली हकीकत अशी की वाळवंटातल्या वडील संन्याशांनी निरोप्या पाठवला : हे नवं खूळ सोड, खाली उतर. निरोप्याला त्यांनी आतून वेगळंच बजावलं होतं. तो उतरायला तयार झाला तर राहू दे, हट्ट धरला तर ओढून खाली आण. निरोप ऐकताच सिमियोनने एक पाय खाली सोडला. निरोप्या म्हणाला, राहा.

प्रश्न : उपास करत असल्याचं लोकांना सांगावं की नाही?

उत्तर : नाही. तोंड धुवा, केस विंचरा, नेहमीसारखे दिसा. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात तेच सांगितलंय. रोजच्या गोळ्या चालू असतील तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपास धरू नका, आणि घरात स्वयंपाक करणाऱ्या माणसाला आदल्या दिवशीच सांगा.